ॲम्बेसेडर मार्क ४ : चालता चालता बंद पडणे आणि टायमिंग, कामाच्या नोंदी

गाडी १९८४ची, पेट्रोल, बीएमसीचे १४८९ सीसी इंजिन. मुक्काम कोल्हापूर. डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना ठिणगी वाटणारा भाग) लुकास २५डी४ जातीचा, म्हणजे पॉइंट-कंडेन्सरवाला (पॉइंट हा कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, कंडेन्सर त्या स्विचमधली ठिणगी दाबतो), व्हॅक्यूम ॲडव्हान्स (कार्बोरेटरच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी योजना) असलेला. पुढे ॲम्बेसेडरला इसुझूचे १८०० सीसी इंजिन आले. त्या गाडीला या नोंदी जशाच्या तशा लागू होणार नाहीत. १४८९ वाल्यांना मात्र जवळजवळ सगळे उपयोगी पडेल.

तक्रारी दोन. एक, गाडी चालता चालता मध्येच बंद पडते आणि थोड्या वेळाने काही न करता परत चालू होते. दोन, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, टिकत नाही. गॅरेजमधून आणल्यावर चार दिवस बरी चालते, मग चढाला नॉकिंग करते किंवा पिकअपच जातो. प्रत्येक गॅरेजने डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून दिला आणि पैसे घेतले. गॅरेजमध्ये उभी असताना गाडी कधीही बंद पडली नाही, त्यामुळे कुणालाच दोष दिसला नाही. म्हणून काम घरीच करायचे ठरवले.

६ ऑक्टोबर २०२४

कशालाही हात लावण्याआधी लक्षणे लिहून काढली. बंद पडते तेव्हा गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगात असते आणि नुकतीच रेस सोडलेली असते. स्पीडब्रेकर, वळण, पुढे म्हशी, असे काही आले की. झटके खात नाही, एकदम मरते. हॉर्न वाजतो, दिवे लागतात. थंड गाडीलाही होते, गरम गाडीलाही. पावसाचा संबंध नाही.

झटके न खाता एकदम मरणे हे बहुधा करंटचे लक्षण. पेट्रोल कमी पडले तर गाडी आधी ओढत नाही, अडखळते, मग मरते. तरीही पेट्रोलची बाजू आधी निकालात काढायची, नाहीतर पुढे प्रत्येक पायरीवर तीच शंका येत राहील.

१३ ऑक्टोबर

पेट्रोल. फ्लोट चेंबर उघडला, तळाशी तांबूस गाळ होता, साफ केला. पंपाची जाळी धुतली. पंपाकडे जाणारा जुना रबरी पाइप मऊ पडला होता, तो इथेनॉल चालणाऱ्या पाइपने बदलला. टाकीच्या झाकणाचे भोक मोकळे आहे. पंपाची पुढची नळी बाटलीत सोडून स्टार्टर मारला, धार जोरात आणि सलग. खर्च २८० रुपये.

संध्याकाळी कळंब्याला फेरी. परत येताना बंद पडली. पेट्रोल संशयातून सुटले.

२० ऑक्टोबर

कॉइल (बॅटरीच्या विजेचे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी) आणि कंडेन्सर. जुनी कॉइल गरम झाल्यावर आतून तुटते आणि गार झाल्यावर परत जुळते, हा दोष सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पहिला संशय तिच्यावर जातो. प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) थंडीत ३.१ ओहम, तासभर चालवून हात टिकणार नाही इतकी गरम केल्यावर ३.५. तांब्याचा रोध तापल्यावर इतका वाढतोच. आकडा कुठे उडाला नाही. तरी मनात शंका नको म्हणून नवी कॉइल बसवली, १,१०० रुपये. दुसऱ्याच दिवशी गाडी बंद पडली. जुनी परत लावली, नवी डिकीत स्पेअर म्हणून ठेवली. मोजमाप स्वच्छ असताना पार्ट बदलायची गरज नव्हती. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी हे पैसे वाचवावेत.

कंडेन्सरबद्दल जास्त सावध राहा. बाजारात आता मिळणारे सगळे सारखे नसतात. मी आणलेला १५० रुपयांचा नवा कंडेन्सर लावल्यावर गाडी दोन-तीन किलोमीटरवर मिसिंग मारू लागली. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून पाहिले तर पॉइंटमध्ये निळसर-पिवळ्या ठिणग्या उडत होत्या. चांगला कंडेन्सर असेल तर तिथे ठिणगी जेमतेम दिसते. मीटरवर ०.०८ मायक्रोफॅरड आला, असायला हवा ०.२च्या आसपास. गाडीतला जुना ०.२१ दाखवतो. जुनाच परत बसवला. नवा पार्ट बसवताच नवा त्रास सुरू झाला तर आधी तोच पार्ट मोजा. एरवी दोन दोष एकमेकांत गुंततात आणि आठवडा जातो.

२७ ऑक्टोबर

टायमिंगकडे वळलो. पहिला प्रश्न, टायमिंग मोजायची पुलीवरची खाच खरी आहे का? चाळीस वर्षांत पुली, कव्हर काय काय बदलले असेल, सांगता येत नाही. सगळे प्लग काढले. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात बोल्ट वेल्ड करून घेतला, तो एक नंबरच्या भोकात बसवला. हँडलने इंजिन हलक्या हाताने एका बाजूला फिरवले, पिस्टन बोल्टला टेकला तिथे पुलीवर खूण. मग उलट्या बाजूने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण. दोन खुणांचा बरोबर मध्य हा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. खाच तिथेच निघाली. खाचेत पांढरा रंग भरला, कव्हरवरच्या अंश दाखवणाऱ्या काट्यांनाही. बोल्ट काढायला विसरू नका, तसाच स्टार्टर मारला तर पिस्टनला भोक पडेल.

काटे वाकलेले असतील तर पुलीवर पट्टी चिकटवून अंश मोजता येतात. पुलीचा व्यास १४० मिमी असेल तर परीघ साधारण ४४० मिमी, म्हणजे एक अंश जवळपास सव्वा मिमी. आपल्या पुलीचा व्यास मोजून हिशेब करा.

पॉइंट गॅप (पॉइंट पूर्ण उघडल्यावरचे अंतर) आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटा केला तर सगळे काम परत करावे लागते, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते, गॅप कमी केला की मागे. २५डी४ला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. फिलर गेजने ०.३८ लावला. मग हँडलने कॅमच्या (शाफ्टवरचा, पॉइंट उघडणारा भाग) पुढच्या उंचवट्यावर आणून मोजला तर ०.३०. त्याच्या पुढच्यावर ०.४२. चारही उंचवट्यांवर चार आकडे.

रोटर (शाफ्टच्या टोकावरचा, ठिणगी वाटणारा फिरता तुकडा) हाताने धरून शाफ्ट आडवा हलवून पाहिला. स्पष्ट हलतो. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजलेला आहे. टायमिंग टिकत नाही त्याचे कारण इथे मिळाले. शाफ्ट डोलत असेल तर चार सिलिंडरना चार वेगळ्या वेळी ठिणगी मिळणार, आणि कानाने ऐकून कितीही फिरवा, एका सिलिंडरला बरे वाटले की दुसऱ्याला वाईट.

टायमिंग लाइट (ठिणगीसोबत लुकलुकून खाच दाखवणारा दिवा) विकत घेतला, १,६०० रुपये. स्लोवर (रेस न देता) खाच एका जागी थांबत नाही, पाच-सहा अंशांत नाचते.

पण याने गाडी बंद पडेल का? माझ्या मते नाही. डोलणाऱ्या शाफ्टने गाडी खडखड चालेल, पिकअप जाईल, एकदम मरणार नाही. दोन दोष वेगळे आहेत असे धरून पुढे जायचे.

९ नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद. उद्यमनगरातली लेथची दुकानेही बंद होती, आणि उघडल्यावर साखर कारखान्यांचे हंगामाचे काम त्यांच्याकडे आधी. बुशला वेळ लागणार. तोपर्यंत बंद पडण्याचा शोध.

दोष फक्त रस्त्यावर येतो, म्हणून मोजणीही रस्त्यावर न्यावी लागेल. दोन एलईडी डॅशबोर्डवर आणल्या. लाल एलईडी कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावरून, म्हणजे कॉइलला वीज येते का ते कळेल. हिरवी कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकावरून, म्हणजे पॉइंट काय करत आहेत ते कळेल. दोन्हींची दुसरी बाजू बॉडीला.

हिरव्या एलईडीसाठी साधा १२ व्होल्टचा बल्ब लावू नका. स्टॅटिक टायमिंगला इंजिन बंद असताना बल्ब ठीक आहे, पण चालू इंजिनात तो पॉइंटला समांतर बसतो, कॉइलची ऊर्जा खातो आणि ठिणगी मारतो. एलईडीला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १एन४००७ डायोड लावला. पॉइंट उघडताना त्या टोकाला दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, म्हणून रेझिस्टर कॉइलच्या अगदी जवळ जोडायचा, केबिनमध्ये येणारी वायर त्याच्या पुढची. उजेड मंद पडतो, पण सावलीत दिसतो. माझ्या गाडीत बॅटरीचे निगेटिव्ह बॉडीला आहे. पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या जुन्या गाडीत एलईडी आणि डायोड दोन्ही उलटे करावे लागतील. सगळे मिळून ४० रुपये.

वाचायचे असे. गाडी मेली तरी क्लच दाबायचा नाही, चाके इंजिन फिरवत राहिली पाहिजेत. लाल विझली तर किल्लीचा स्विच किंवा त्याची वायर. लाल चालू आणि हिरवी फडफडत असेल तर पॉइंटपर्यंत सगळे ठीक, मग कॅप, रोटर, हाय टेन्शन वायर पाहायच्या. लाल चालू आणि हिरवी पूर्ण विझलेली असेल तर पॉइंटची बाजू कुठेतरी कायम बॉडीला टेकली आहे, किंवा कॉइल आतून तुटली. लाल चालू आणि हिरवी सलग पेटलेली असेल तर पॉइंट मिटूनही करंट बॉडीपर्यंत पोचत नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना पन्हाळा रोडने निघालो. चालवायला मी, शेजारी मुलगा, त्याचे काम फक्त दिव्यांकडे पाहणे. केर्लीपर्यंत काही नाही. वाघबीळच्या अलीकडे रेस सोडली आणि गाडी मेली. मुलगा ओरडला, "बाबा, हिरवा फुल्ल पेटलाय, हलत नाहीये!" लालही चालू. क्लच सोडलेलाच होता, इंजिन फिरत होते. उतारावर थोडे पुढे जाताच हिरवी परत फडफडू लागली आणि इंजिनने पकडले.

म्हणजे कॉइल नाही, किल्ली नाही, कॅप-रोटर नाही. कॉइल ते पॉइंट ते बॉडी एवढ्याच छोट्या वाटेत तुटक जागा आहे, आणि ती जवळजवळ सगळी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात आहे.

घरी आल्यावर विचार केला की रेस सोडल्यावरच का. रेस अर्धी असताना कार्बोरेटरचा व्हॅक्यूम डिस्ट्रिब्युटरची वरची प्लेट ओढून धरतो, टायमिंग पुढे असते. रेस सोडली की व्हॅक्यूम जातो आणि प्लेट झटक्यात जागेवर येते. पॉइंट त्या प्लेटवर बसलेले. प्लेटसोबत दोन बारीक वायरी रोज हजारो वेळा वाकतात, एक बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटला येणारी, दुसरी प्लेटपासून खालच्या बेसला जाणारी अर्थची. गॅरेजमध्ये गाडी स्लोवर उभी असते तेव्हा प्लेट हलतच नाही. म्हणून तिथे तासभर चालू ठेवली तरी बंद पडत नव्हती.

हे तपासायला औषधाच्या दुकानातून ६० मिलीची प्लास्टिकची सिरिंज आणली, २५ रुपये. व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून काढली, कार्बोरेटरचे भोक बुजवले, नळीला सिरिंज लावली. इंजिन स्लोवर. सिरिंज ओढली, रेस किंचित वाढली, म्हणजे डायफ्राम (प्लेट ओढणारा पडदा) चांगला आहे. सोडली. परत ओढली, सोडली. थोड्याच वेळात इंजिन जागच्या जागी मेले, हिरवी सलग. परत चालू करून परत केले, परत मेले. इतके दिवस फक्त रस्त्यावर येणारा दोष अंगणात हुकमी आणता आला. व्हॅक्यूम ॲडव्हान्स असलेल्या कोणत्याही जुन्या गाडीत अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे करून पाहा. पाच मिनिटे लागतात.

११ नोव्हेंबर

कॅप काढली. दोन्ही वायरी बाहेरून धड दिसतात, कापडी आवरण शाबूत. मीटरचे एक टोक बाहेरच्या टर्मिनलला, दुसरे पॉइंटच्या स्प्रिंगला, आणि प्लेट बोटाने हलवली. ०.२ ओहम, ०.२, मग एकदम ओपन, मग परत ०.२. आवरण चिरले तर आतली तांब्याची तार टर्मिनलच्या क्रिंपजवळ पूर्ण तुटलेली, दोन टोके नुसती एकमेकांना टेकून होती. अर्थच्या वायरचेही थोडेच धागे शिल्लक होते, म्हणून तीही बदलायची.

इथे कोणती वायर लावायची हे महत्त्वाचे. घरच्या वायरिंगची वायर कडक असते, ती प्लेटला अडवते आणि महिन्यात परत तुटते. मल्टिमीटरच्या प्रोबची सिलिकॉन वायर वापरली. तिच्यात केसासारखे बारीक पुष्कळ धागे असतात, ती लवचीक असते आणि उष्णता सोसते. टोकांना क्रिंप केले, सोल्डर नाही. सोल्डर वायरीत वर चढतो आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच तार पुढे मोडते. लांबी अशी ठेवली की प्लेट दोन्ही टोकांना गेली तरी वायर ताणली जाणार नाही आणि फिरणाऱ्या शाफ्टलाही लागणार नाही.

सिरिंजने बराच वेळ ओढसोड केली. इंजिन मेले नाही. नंतरच्या दिवसांत शहरात, हायवेला, एकदाही बंद नाही. वायरीचा खर्च १२० रुपये.

२४ नोव्हेंबर

डिस्ट्रिब्युटर बाहेर. काढण्याआधी रोटर कुठे बघतो त्याचा फोटो, बॉडी आणि ब्लॉकवर जुळती खूण. खालच्या टोकाचा डॉग (इंजिनात अडकणारा जोड) मध्यापासून थोडा एका बाजूला असतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर इंजिनात एकाच रीतीने बसतो. पण बुश बदलायला डॉगची पिन काढावी लागते, आणि डॉग शाफ्टवर अर्धा फेरा उलटा बसवता येतो. तसे झाले तर टायमिंग पूर्ण उलटे जाते आणि कारण सापडत नाही. म्हणून पिन ठोकण्याआधी डॉग आणि शाफ्टवर सेंटर पंचने एकेक टिंब मारले.

उद्यमनगरात एका वयस्कर टर्नरकडे नेला. त्यांनी शाफ्ट मायक्रोमीटरने चार जागी मोजला आणि म्हणाले, "दादा, नुसता बुश घालून काय उपयोग न्हाई. शाफ्टच खाल्लाय एका बाजूनं. आधी शाफ्ट गोल करू, मग त्याच्या मापाचा बुश." तसेच केले. शाफ्ट अगदी थोडा ग्राइंड करून गोल केला, गनमेटलचा बुश बनवून दाबून बसवला आणि रीमरने शाफ्टच्या मापाला आणला. मजुरीसह ९५० रुपये. तयार नवा डिस्ट्रिब्युटर मिळतो, पण त्याच्या ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा आपल्या इंजिनाला जुळतीलच असे नाही. जुना सुधारून घेणे मला बरे वाटते.

प्लेटखालच्या वजनांवर (वेग वाढला की बाहेर फाकून ठिणगी लवकर पाडणारी) जुने ग्रीस घट्ट झाले होते, पेट्रोलने धुतले. दोन स्प्रिंगांपैकी जाड स्प्रिंग सैल असते, तिचा आकडा लांबट असतो. ती ताणली गेली असे समजून वाकवून घट्ट करू नका. सुरुवातीचा ॲडव्हान्स फक्त बारीक स्प्रिंग सांभाळते, वेग वाढल्यावर जाड स्प्रिंग धरते. दोन्ही घट्ट केल्या तर मधल्या रेसला गाडी मंद होते. आधी कुणीतरी हेच केलेले होते. आकडा मूळ आकाराला आणला.

१ डिसेंबर

बसवणी. नवे पॉइंट, ३२० रुपये. त्यांच्यावर गंजरोधक तेलाचा थर असतो, पुसून घ्यावा लागतो. गॅप चारही उंचवट्यांवर ०.३८ ते ०.३९. या आकड्यांनी मला सगळ्यात समाधान दिले.

स्टॅटिक टायमिंग. एक नंबर कॉम्प्रेशनवर, चार नंबरचे व्हॉल्व्ह हलताना दिसतात तो क्षण. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. खाच ५ अंशांच्या काट्यावर. काटा ओलांडून गेलात तर हँडल नुसते थोडे उलटे करून आणू नका, बरेच मागे जाऊन परत पुढूनच या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मोजणीत येतो. टर्मिनल आणि बॉडीमध्ये १२ व्होल्टचा बल्ब, किल्ली चालू, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत बल्ब पेटेल त्या क्षणी क्लॅम्प कसा. रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जाते. बारीक फरकासाठी व्हॅक्यूमच्या बाजूचा खाचांचा नट आहे, अकरा टिकटिकींना साधारण एक अंश. पुढच्या गॅरेजवाल्याने बॉडी सैल न करता हा नट वापरावा म्हणून बाजूला रंगाचा ठिपका दिला.

लाइट लावून पाहिले. स्लोवर खाच एका जागी. रेस दिली की सरळ पुढे सरकते, सोडली की परत येते, मध्ये अडकत नाही.

८ डिसेंबर

पन्हाळा, गाडीत चार माणसे. वाघबीळपासून वर तिसऱ्यात, शेवटच्या वळणांना दुसऱ्यात. पूर्ण रेसला एका वळणावर नॉकिंगचा हलका आवाज आला. नट मागे घेतला, साधारण एक अंश. उतरताना मुद्दाम पुन्हा पुन्हा रेस सोडली. हिरवी एलईडी फडफडत राहिली. पुढच्या आठवड्यात गगनबावड्याचा घाट उतरून परत चढलो, गरम गाडी बंद करून लगेच चालू केली. अर्ध्या फेऱ्यात चालू.

१२ जानेवारी २०२५

साधारण ८०० किलोमीटरनंतर कॅप उघडली. गॅप ०.३८ वरून ०.३३ झाला आहे. नव्या पॉइंटची टाच कॅमवर बसताना झिजते, त्यामुळे पहिल्यांदा इतके होतेच. लाइटवर टायमिंग दोन अंश मागे दिसले, गॅप परत लावल्यावर आपोआप जागेवर आले. म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरवायची गरज नव्हती, आणि आधीच्या गॅरेजांनी दर वेळी तोच फिरवला होता. कॅमवर ग्रीसचे बोट, रोटरखाली शाफ्टच्या टोकाला तेलाचे दोन थेंब. जास्त नको, पॉइंटवर उडते.

वायरी जशाच्या तशा, प्लेट हलवून मीटर ०.१ ओहमवर स्थिर. दोन्ही एलईडी डॅशबोर्डवर राहू देणार आहे. डिकीत नवी कॉइल, जुने पॉइंट, रोटर, सिलिकॉन वायरचा तुकडा आणि सिरिंज ठेवली आहे. पुढची तपासणी मार्चमध्ये, तेव्हा व्हॅक्यूमच्या नळीचा कार्बोरेटरकडचा रबरी जोड बदलायचा आहे. त्याला बारीक चिरा दिसू लागल्या आहेत.